डाव्या कानातलं गाणं

अण्णा, आज तुमचा तास मी घेतला.

वेळापत्रकात अजून तुमचंच नाव आहे. 'संगीत आणि मन', मंगळवार, दुपारी दोन ते चार. ते खोडायला ऑफिसात कुणाचा हात धजावत नाही. मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि तीन वाजले. मागची कुजबुज एकदम थांबली म्हणून मी वळून पाहिलं. बावीस मुलं हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तीन वाजले की तुम्ही कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवायचात, तर्जनी वर करायचात, आणि सगळा वर्ग तुमच्यासाठी थांबायचा. ती सवय. पंखा फिरत होता. पहिल्या बाकावरच्या मुलीनं तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. मी निपाणीत भुताखेतांची टिंगल करत वाढलेली बाई, पण मला त्या खुर्चीकडं बघवेना. मिनिटभरानं कुणाच्या तरी वहीचं पान वाजलं आणि आम्ही पुढं सरकलो.

तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. तुमच्याबद्दल बोलायला लोक मला बोलावतात. कुठं जन्मले, काय शिकले, किती शिष्य घडवले. ते मला बोलता येत नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती.

आपली ओळखच भांडणातून झाली. नऊ वर्षांपूर्वी कॉलेजनं हा विषय काढला आणि मानसशास्त्र शिकवणारी मी आणि संगीताचा इतिहास शिकवणारे तुम्ही, अशा दोघांना एका वर्गात उभं केलं. पहिल्या दिवशी मी दोन मुलांच्या बोटांना घाम मोजायचं यंत्र लावलं. तुम्ही पेटीवर एक संथ धून वाजवलीत. पडद्यावरच्या दोन्ही रेघा वर चढल्या तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "ही पाहा भावना."

तुम्ही पेटीचा भाता दाबून धरलात. "कुठली?"

मी पुन्हा पडद्याकडं पाहिलं. मग तुम्ही त्या दोघांनाच विचारलंत, काय वाटलं? कोचीच्या मुलाला वाटलं, लग्नाची वरात. कोप्पळची मुलगी बोलेचना, तिचे डोळे भरले होते. तिच्या गावात मयतापुढं असलंच काहीतरी वाजवत नेतात. दोघांच्या रेघा मात्र सारख्याच चढलेल्या. "तुझं यंत्र खोटं बोलत नाही, सुजाता," तुम्ही म्हणालात. "फक्त ते बहिरं आहे."

त्या दिवसापासून मी डबा तुमच्यासोबत खायला लागले. मी म्हणायची, गाणं ऐकताना अंगावर काटा येतो कारण मेंदूनं पुढच्या सुराचा बांधलेला अंदाज चुकतो, शरीर दचकतं, एवढंच. तुम्ही म्हणायचात, जुन्या शास्त्रकारांनी रोमांचाला आठ सात्त्विक भावांत बसवलंय, ते काय दचकण्यासाठी? "अंदाज चुकला तर माणूस चिडतो. इथं तो सुखावतो. का, ते सांग आधी." नऊ वर्षांत मी ते धड सांगू शकले नाही. आता सांगायलाच कुणी नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी एका सकाळी तुमचा डावा कान गेला. आंघोळ करून बाहेर आलात आणि ललितावहिनींना म्हणालात, कानात पाणी राहिलंय. पाणी नव्हतं. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, कान परत आला नाही. उजवा आधीच अर्धा. आयुष्यभर कानावर जगलेला माणूस, म्हणून आम्ही सगळे तुमच्याशी जपून बोलायला लागलो, आणि जपून बोललेलं तुम्हाला ऐकूच यायचं नाही.

तीन आठवड्यांनी स्टाफरूममध्ये तुम्ही मान वर केलीत. "वर कोण गातंय?"

वर गच्ची होती. गच्चीवर पाण्याच्या टाक्या.

"बाई आहे," तुम्ही म्हणालात. "दोन घरं पलीकडून यावा तसा आवाज. डाव्या बाजूनं."

ज्या बाजूनं तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, त्या बाजूनं. मी कान देऊन ऐकलं. रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज, कुठंतरी नळ. तुमची बोटं टेबलावर हलत होती, अगदी सावकाश, पाळण्याची दोरी ओढावी तशी. घड्याळात तीन वाजले होते.

मला काळजी वाटली नाही, उलट उत्साह वाटला. आता लाज वाटते सांगायला. मी तुम्हाला समजावलं की कानाकडून काही येईनासं झालं की मेंदू रिकामा बसत नाही, त्या जागेत आपल्याकडचं काहीतरी भरतो. बहिरं होत चाललेल्या कितीतरी माणसांना असं संगीत ऐकू येतं. हे वेड नव्हे.

"सरी, ठीक," तुम्ही म्हणालात. "आपल्याकडचं भरतो म्हणतेस. पण ही चाल माझ्याकडची नाही. मी ती कधी ऐकलेली नाही."

"विसरला असाल, अण्णा."

"माणसं विसरतो मी. चाली नाही विसरत."

ते खरं होतं. म्हणून मी प्रयोग मांडला. रोज तीन वाजता तुम्हाला ऐकू येईल ते तुम्ही गुणगुणायचं, मी रेकॉर्ड करायचं. जवळजवळ चाळीस दुपारी आपण तसे बसलो. चाल आठवड्याआठवड्याला थोडी थोडी उलगडत गेली, आधी एक ओळ, मग दुसरी. पण षड्ज हलला नाही. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडणारा तो सूर, कुठल्याच वाद्यात न बसणारा, आणि चाळीसही दिवस तोच. मी मशीन बदलून मोजला. तुम्हाला सर्दी झाली होती तेव्हाही मोजला. तोच.

"शब्द आहेत," तुम्ही म्हणायचात, "पण भिंतीआडून येतात." आणि एकदा, "तिसऱ्या ओळीआधी ती श्वास घेते गं. घाबरल्यासारखा." मी ते वहीत लिहून घेतलं. विद्यार्थिनीसारखं भराभर लिहिलं.

जानेवारीत तुम्ही म्हणालात, आज गाण्याच्या मागं मूल रडत होतं. पुढच्या आठवड्यात, मागं पुरुष ओरडतायत. आणि मग, "रहाट आहे, सुजाता. कोरडा. कुरकुरतोय." भर दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन येत होतं, खाली मुलं क्रिकेट खेळत होती, आणि मला वाटलं उठून दार लावून घ्यावं.

"ते मूल मीच असणार," तुम्ही म्हणालात. "पण मग हे ऐकतंय कोण?"

मी रेकॉर्डर बंद केला.

"आई असेल गाणारी."

तुमची आई सरस्वती. तुम्ही अकरा महिन्यांचे असताना ती तापानं गेली, असं तुम्हाला सांगितलं होतं. फोटो नव्हता. मी अगदी स्पष्ट सांगितलं की अकरा महिन्यांच्या मुलाला असली आठवण राहत नाही, आठवण साठवायची जागाच डोक्यात तेव्हा पुरती तयार झालेली नसते. तुम्ही हसलात. "तयार नसलेल्या घरातही माणसं राहतात. देवनहळ्ळीच्या वाटेवर जाऊन बघ, निम्म्या लेआउटांत खिडक्या बसायच्या आधी दिवे लागलेत."

देवनहळ्ळीला तुमच्या आईचं माहेर. तिथं आईची धाकटी बहीण होती. तुमच्यासारख्या शेकडो वर्षं इथं कन्नड मुलखात राहिलेल्या मराठी घरांत मावशीला मावशी म्हणत नाहीत, चिक्कम्मा म्हणतात. तिनं लग्न केलं नाही. तुम्हाला सात वर्षांचे होईपर्यंत सांभाळलं, मग वडिलांनी दुसरं लग्न करून तुम्हाला शहरात, राजाजीनगरला आणलं. आता ती ऐंशीची. भावाची सून गिरिजा तिचं करते. तेव्हा आठ महिने झाले होते, तिच्या तोंडून शब्द नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आपण दोघं गेलो. घराच्या चारही बाजूंना प्लॉटांचे दगड रोवलेले, आणि दर पाच मिनिटांनी विमान इतकं खालून जायचं की भिंतीवरची भांडी वाजायची. मागच्या अंगणात सिमेंटची गोल लादी होती आणि तिच्यावर गिरिजाची स्कूटर उभी होती.

"इथं काय होतं?" तुम्ही विचारलंत.

"विहीर होती म्हणे, अण्णा. सासरे सांगायचे, फार पूर्वी बुजवली. मी काही बघितली नाही."

तुम्हीही बघितली नव्हती. सात वर्षं त्या अंगणात खेळलात आणि तुम्हाला लादीच आठवत होती. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी रेकॉर्डरचं बटण शोधायला लागले.

चिक्कम्मा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे. तुम्ही तिचा हात हातात घेतलात आणि काही न विचारता पहिली ओळ गुणगुणलात. मग दुसरी. तिसरीपाशी तुम्ही थांबलात. आणि तिनं श्वास घेतला. अण्णा, तो श्वास मी कागदावर लिहून ठेवला होता. तिनं तिसरी ओळ म्हटली, ऐंशी वर्षांच्या बाईच्या आवाजात नाही, सतरा-अठराच्या मुलीच्या आवाजात, आणि त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या सुरात. मग पहिल्यापासून, शब्दांसकट:

विहिरीत पाणी निजलं,
पाण्यात आभाळ निजलं,
बेड मगू, बेड मगू, तिकडं नको बघू.

निम्मी मराठी, निम्मी कन्नड. नको बाळा, नको बाळा. तुम्ही उठलात आणि तोंड धुवायला मागं गेलात. बादलीत मग्गा आपटल्याचा आवाज आला, नंतर बराच वेळ काहीच नाही.

आता ती गोष्ट. तुम्ही मागं असताना चिक्कम्मानं माझं मनगट धरलं. जोर होता हाताला.

"सरसू नाही गायली," ती म्हणाली. स्वच्छ. "सरसूला गाणं नव्हतं. बाळंतपण झाल्यापासून बोलायचीच नाही. मुलाला घ्यायची नाही. विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायची."

वरून विमान यायला लागलं. तिनं आवाज चढवला.

"दुपारी तिला वर काढत होते. सगळे ओरडत होते. मी याला घेऊन आत बसले, दार लावलं. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून गायले. जोरात गायले. ते थांबेनात, म्हणून मीही थांबले नाही."

तुम्ही टॉवेलनं तोंड पुसत आत आलात. "काय म्हणतेय?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी मागतायत."

पाणी. दुसरा शब्द सुचला नाही मला. तुम्ही पेला आणून तिच्या ओठांना लावलात, आणि ती तुमच्याकडं बघत मुकाट्यानं प्यायली.

परतताना टॅक्सीत तुम्ही किती दिवसांनी असे खुलून बोलत होतात. "आईच, सुजाता. आता तरी मान." मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "असू शकेल." विद्यार्थ्यांच्या पेपरात 'असू शकेल' लिहिलेलं मी लाल पेनानं खोडते. पण तुमचा चेहरा बघून मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला आई मिळालीय. आणि मी तिला पुन्हा विहिरीत ढकलू?

घरी जाऊन मी रेकॉर्डिंगमधली ती चाळीस सेकंदं कापली आणि उरलेलं तुम्हाला दिलं. तुम्ही हेडफोन उजव्या कानाला दाबून, आवाज पूर्ण वाढवून, स्टाफरूममध्ये ऐकलंत. ऐकून झाल्यावर म्हणालात, "विमान अर्धवट गेलं."

"काय?"

"येतंय, येतंय, आणि मग नाहीच. एवढं मोठं विमान गेलं कुठं?"

"बॅटरी उतरली होती, अण्णा."

तुम्ही माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलंत. "सरी," म्हणालात, आणि हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवलीत.

मार्चमध्ये वहिनी माझ्याकडं येऊन रडल्या. तुम्हाला दारावरची बेल ऐकू येत नव्हती, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या, त्यांची हाक ऐकू येत नव्हती. आणि ऐकायची तुम्हाला घाईही नव्हती. यंत्र लावलं तर कान पुन्हा कामाला लागेल आणि ते गाणं हळूहळू विरेल, हे मला ठाऊक होतं. तुम्हालाही. "म्हणजे तिला घराबाहेर काढ म्हणतेस," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "अण्णा, वहिनी जिवंत आहेत." असं बोलायला नको होतं. पण त्याच वाक्यानं तुम्ही यंत्र लावलंत.

नवव्या दिवशी गाणं थांबलं. वहिनींचा फोन आला, आवाज फुललेला. "काल आम्ही तासभर भांडलो गं! एकेक शब्द ऐकू आला त्यांना." मी खूश झाले. मग कळलं की तुम्ही रोज दुपारी तीनला यंत्र काढून ठेवता. वर्गात दोन मिनिटं, घरी अर्धा तास. तेवढ्यात गाणं परत यायचं, लांबून, कधी एखादीच ओळ. वहिनी कुरकुर करायच्या, पण त्या अर्ध्या तासात तुम्हाला हाक मारायच्या नाहीत.

एप्रिलनंतर तुम्ही तिला 'आई' म्हणायचं सोडलंत. नुसतं 'ती'. ती आज आली, आज नाही आली. मला वाटलं, तुम्ही माझं शास्त्र हळूहळू मान्य करताय. किती आंधळी असते अभ्यास करणारी बाई.

आणि जुलैमधलं ते डब्याच्या वेळचं बोलणं. तुम्ही भाकरी मोडता मोडता विचारलंत, "गाणं कशासाठी असतं गं? काही ऐकू यावं म्हणून, की काही ऐकू येऊ नये म्हणून?"

मी लगेच सुरू झाले. अंगाईनं मुलाच्या हृदयाचे ठोके कसे संथ होतात, गाणाऱ्या बाईचेही कसे होतात, जगात जिथं जाल तिथं अंगाई ओळखू कशी येते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "म्हणजे गाणारीही शांत होते," म्हणालात.

"होते ना."

"आणि मूल झोपलं, तरी तिचं गाणं थांबलं नाही तर?"

मी म्हटलं, तसा कुणी अभ्यास केलेला नाही. तुम्ही हसून डबा बंद केलात. तुम्ही मला काय सांगत होतात ते मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

त्या बुधवारी तुम्ही घरीच होतात. तीन वाजता यंत्र काढून डबीत ठेवलंत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसलात. वहिनींनी चहा आणून शेजारी ठेवला. बोलल्या नाहीत, तुमची वेळ होती. साडेतीनला येऊन पाहिलं तर चहावर साय धरली होती. हाक मारली, तुम्ही वळला नाहीत. त्यांना वाटलं, अजून यंत्र लावलेलं नाही. त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना कळलं. मला सांगताना त्या एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मान डावीकडं होती गं. कुणी कानात सांगतंय आणि हे ऐकतायत, अशी." मी पोचले तेव्हाही मान तशीच होती. मी तुमच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि मला तिथं जास्त वेळ उभं राहता आलं नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. चिक्कम्माला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींना जाववेना, म्हणून परवा रविवारी मी गेले. वाटेत ठरवलं होतं, तिला सांगायचं आणि परतताना तुम्हालाही सांगायचं, मनातल्या मनात का होईना, त्या चाळीस सेकंदांबद्दल.

गिरिजानं दारातच हात धरून आत नेलं. "दर गुरुवारी वाट बघते हो अज्जी. तीन गुरुवार झाले, अण्णा आले नाहीत."

"दर गुरुवारी?"

"एप्रिलपासून यायचे की, अक्का. बसनं. तुम्हाला माहीत नाही?"

गुरुवारी तुम्ही लायब्ररीत असायचात. वहिनींना तेच माहीत होतं, मलाही.

"पहिल्या खेपेलाच त्यांनी सरळ विचारलं," गिरिजा म्हणाली, "कोण गात होतं? आणि अज्जी सांगायला लागली. स्वल्प स्वल्प करून. तीन गुरुवार लागले सगळं सांगायला. विहिरीचं, सरस्वतीअक्काचं, सगळं. आमच्या घरात कुणी कधी हे बोललं नव्हतं, मला तर काटाच आला. अण्णा रडले नाहीत. पाया पडले तिच्या. त्या दिवसापासून चिक्कम्मा म्हणायचं सोडून दिलं. अम्मा म्हणायचे."

मी ओट्यावर बसले. म्हणजे अर्धवट गेलेलं विमान कुठं गेलं ते तुम्ही स्वतः शोधून आणलं होतंत. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत तुम्ही रोज माझ्यासमोर डबा उघडलात, माझं खोटं तुम्हाला ठाऊक होतं, आणि मला ओशाळं वाटू नये म्हणून एका शब्दानं बोलला नाहीत. मी तुम्हाला जपतेय अशा ऐटीत होते. आणि दुपारचा तो अर्धा तास तुम्ही आईसाठी ठेवला नव्हतात. दार लावून आत बसलेल्या त्या सतरा वर्षांच्या मुलीसाठी ठेवला होतात. तिच्यासोबत कुणीतरी बसावं म्हणून.

अण्णा, गाण्याचं मी समजावून देऊ शकते. ती सात वर्षं तुम्हाला निजवत होती, चाल तिथून आली. माणसांचा ओरडा मेंदू रचू शकतो. पण रहाटाचं काय करू? ती विहीर तुम्ही पाहिली नव्हती, तिचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि देवनहळ्ळीला जायच्या कितीतरी आधी तुम्ही म्हणाला होतात, कोरडा आहे, कुरकुरतोय. माझ्याकडं उत्तर नाही. 'असू शकेल'ही नाही. हा वाद तुम्ही जिंकलात की आपण दोघंही हरलो, तेही कळत नाही. पण तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बरं झालं, आता तू ऐकायला लागलीस.

मी आत गेले. खाटेजवळ स्टूल ओढून बसले. "अज्जी," मी म्हटलं, "रघुअण्णा गेले."

तिनं माझ्याकडं पाहिलं. ऐकू गेलं की नाही कळलं नाही. मग श्वास घेतला, आणि गायला लागली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली. आवाज चढत गेला. वरून विमान गेलं, भांडी वाजली, ती त्याच्यावर गात राहिली. गिरिजा दारात येऊन थांबली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग एका ओळीच्या मध्येच ती थांबली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"मगू निजला?"

"निजला, अज्जी."

"बाहेरची माणसं?"

मी मागच्या दाराकडं पाहिलं. अंगणात ऊन होतं, लादीवर स्कूटर होती.

"गेली."

"सगळी?"

"सगळी गेली, अज्जी."

तिनं कान देऊन ऐकलं. मीही ऐकलं. कुठंच काही आवाज नव्हता, रस्त्याचा नाही, विमानाचा नाही.

"मग पुरे," ती म्हणाली. माझं मनगट सोडलं, आणि भिंतीकडं कूस वळवून निजली.